सूत्र सोपं, बिंदू अवघड: ग्रासहॉपरमध्ये सर्पिलं कशी बांधायची

सर्पिल काढायला बसलेला माणूस आधी सूत्र शोधतो. ते दोन मिनिटांत सापडतं, तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर वेटोळंही दिसायला लागतं. त्यानंतरचे दोन दिवस जातात ते का खडबडीत दिसतंय, नळी स्वतःलाच का छेदतेय, लेझरने कापल्यावर कडेला कोपरे कुठून आले, या प्रश्नांत. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ सूत्रात नसतं. वक्रावर बिंदू कुठे आणि किती टाकले, यात असतं. म्हणून या लेखात प्रत्येक सर्पिलाच्या सूत्राइतकीच जागा त्याच्या बिंदूंना दिली आहे.

साधन म्हणून राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या प्रोग्राममधलं ग्रासहॉपर घेतलं आहे. त्यात कंपोनंट नावाचे ठोकळे तारांनी जोडून आकार बांधतात आणि आकडे स्लायडरने, म्हणजे सरकत्या पट्टीने, बदलतात. राइनो ६ पासून ते सोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. राइनोत स्पायरल आणि हेलिक्स अशा तयार आज्ञा आहेत, पण त्यांनी काढलेला वक्र म्हणजे गोठलेली गोष्ट. फेरे पाचाचे सात करायचे म्हटलं की पुसा आणि परत काढा. शिवाय आपल्याला हवं ते सूत्र तिथे घालता येत नाही. सूत्रं खाली मराठीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष एक्स्प्रेशन कंपोनंटमध्ये, म्हणजे सूत्र लिहायच्या ठोकळ्यात, व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं (Cos, Sin, Sqrt, Pi) आणि आकडे रोमन लिपीत द्या, × आणि ÷ च्या जागी * आणि / लिहा, सूत्राची रचना तशीच.

## पाया: एकच साखळी, बदलतं ते एक सूत्र

अगदी साध्या सर्पिलापासून सुरुवात करू. आर्किमिडीजचं सर्पिल म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या दोरीसारखं, दोन वेटोळ्यांतलं अंतर सगळीकडे सारखं. पुस्तकात ते ‘त्रिज्या = अ + ब × कोन’ असं असतं. यातल्या ‘ब’ने मला कायम वैताग दिला आहे, कारण तो मिलिमीटरमध्ये विचार करू देत नाही. वेटोळ्यांत ८ मिमी अंतर हवं तर ‘ब’ किती? आठ भागिले दोन पाय (π), म्हणजे १.२७३. स्लायडरवर १.२७३ बघून कोणाला काय कळणार?

म्हणून मी यादी कोनांची करत नाही, फेऱ्यांची करतो. शून्य फेरा, अर्धा फेरा, एक फेरा, अशी. मग सूत्र असं होतं:

त्रिज्या = सुरुवात + अंतर × फेरा
कोन = २ × पाय × फेरा

आता प्रत्येक स्लायडरला अर्थ आहे. बांधणी अशी:

१. चार नंबर स्लायडर ठेवा. सुरुवात (१०), अंतर (८), फेरे (५), दर फेऱ्याला बिंदू (३६). शेवटचे दोन पूर्णांकच राहतील असे ठेवा.

२. फेरे आणि दर फेऱ्याचे बिंदू यांचा गुणाकार करा. १८० आला. या झाल्या पायऱ्या.

३. रेंज कंपोनंट आणा. तो दिलेल्या पट्ट्याचे (डोमेनचे) समान भाग करतो. त्याच्या डोमेनला फेऱ्यांचा स्लायडर सरळ जोडला तरी चालतो. ग्रासहॉपर नुसत्या ५ चा अर्थ ‘० ते ५’ असा घेतो. पायऱ्यांच्या जागी १८० जोडा.

४. एक एक्स्प्रेशन त्रिज्येसाठी, एक कोनासाठी.

५. आणखी दोन एक्स्प्रेशन: क्ष = त्रिज्या × कोसाइन(कोन), य = त्रिज्या × साइन(कोन). दोन्ही कन्स्ट्रक्ट पॉइंटला जोडा, उंची रिकामी सोडा.

६. बिंदू इंटरपोलेटला, म्हणजे बिंदूंतून गुळगुळीत वक्र नेणाऱ्या कंपोनंटला, जोडले की वक्र तयार.

रेंजच्या बाहेर पॅनेल लावून मोजा. १८० नाही, १८१ आकडे दिसतील. पायऱ्या १८० असल्या तरी त्यांची टोकं १८१ असतात. ही बारीक गोष्ट आत्ता लक्षात ठेवा. पुढे दुसरी एखादी यादी सिरीज नावाच्या कंपोनंटने १८० आकड्यांची करून याला जोडलीत, तर शेवटचा बिंदू आधीच्याच किमतीवर अडकतो आणि वक्राच्या टोकाला एक विचित्र आकडी येते.

बांधणी बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. वक्राला लेंग्थ कंपोनंट लावा. त्रिज्या १० पासून ५० पर्यंत जाते, सरासरी ३०, फेरे पाच. ३० × २ × पाय × ५ म्हणजे ९४२.५. पॅनेलमध्ये त्याहून साधारण एक मिलिमीटर जास्त, ९४३.५ च्या आसपास दिसायला हवं. तो वाढीव मिलिमीटर वक्र थोडा बाहेर सरकत जातो त्याचा. हजारात आकडा आला किंवा दोनशेच्या घरात आला, तर कुठेतरी तार चुकली आहे.

### अंश आणि रेडियन

माझं पहिलं सर्पिल चांदणी निघालं होतं. दहा-दहा अंशांनी कोन वाढवत नेले आणि तसेच कोसाइनला दिले. ग्रासहॉपरची एक्स्प्रेशन रेडियनमध्ये चालतात, आणि १० रेडियन म्हणजे जवळपास ५७३ अंश. दर पायरीला वक्र दीड फेऱ्याहून जास्त उडी मारत होता. मी अर्धी दुपार सूत्रच तपासत बसलो. पडद्यावर वेटोळ्याऐवजी काटेरी चांदणी दिसली की आधी इथे बघा.

ओपनस्कॅड हा दुसरा मॉडेलिंग प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी हा सापळा उलटा आहे. तिथे साइन आणि कोसाइन अंश घेतात. म्हणजे कोन = ३६० × फेरा. फेऱ्यांची यादी वापरण्याचा हाही एक फायदा: प्रोग्राम बदलला तरी त्रिज्येच्या सूत्राला हात लावावा लागत नाही, बदलते ती कोनाची एक ओळ.

## बिंदू किती?

दर फेऱ्याला ३६ बिंदू, म्हणजे दहा अंशांना एक. इंटरपोलेटच्या गुळगुळीत वक्राला एवढे पुरतात. पण तोच वक्र पॉलीलाइन करून, म्हणजे सरळ तुकड्यांत, लेझर कटरला दिला की गोष्ट बदलते. सरळ तुकडा आणि खरा वक्र यांच्यात मधोमध जी फट राहते ती त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. दहा अंशांच्या पायरीला ५ मिमी त्रिज्येवर ही फट ०.०२ मिमी, कोणाला दिसणार नाही. १०० मिमी त्रिज्येवर तीच फट ०.३८ मिमी होते आणि कडेवर बोट फिरवलं की कोपरे लागतात. म्हणून ‘आत छान, बाहेर खडबडीत’ अशी तक्रार असते.

किती बिंदू हवेत याचा हिशेब सोपा आहे:

पायरीचा कोन = √(८ × चालणारी फट ÷ त्रिज्या)

उत्तर रेडियनमध्ये येतं. १०० मिमी त्रिज्या आणि ०.०५ मिमी फट धरली तर ०.०६३ रेडियन, म्हणजे साधारण ३.६ अंश, म्हणजे फेऱ्याला १०० बिंदू. हा आकडा नेहमी सगळ्यात बाहेरच्या वेटोळ्यासाठी काढायचा.

पण मग आतली वेटोळी विनाकारण बिंदूंनी भरून जातात. ग्रासहॉपरमध्ये यावर सरळ उपाय आहे: आधी इंटरपोलेटने गुळगुळीत वक्र बनवा, मग डिव्हाइड कर्व्हने तो सारख्या लांबीत तोडा. वक्रावर भोकं पाडायची असतील, दिवे बसवायचे असतील, तरी हेच. कोनाच्या पायऱ्यांवर दिवे लावले तर आत गर्दी होते आणि बाहेर विरळ.

जिथे डिव्हाइड कर्व्ह नाही तिथे त्रिज्येचा वर्ग समान पायऱ्यांनी वाढवा. १० ते ५० त्रिज्येसाठी वर्ग १०० पासून २५०० पर्यंत. शून्य ते एक अशी सम यादी घ्या आणि:

त्रिज्या = √(१०० + २४०० × यादी)
फेरा = (त्रिज्या − १०) ÷ ८

आर्किमिडीजच्या सर्पिलाची लांबी जवळपास त्रिज्येच्या वर्गासोबत वाढते, म्हणून हे जमतं. बिंदू अगदी काटेकोर सारख्या अंतरावर पडत नाहीत, पण मोजपट्टी लावल्याशिवाय फरक कळत नाही.

## ‘सारखं अंतर’ म्हणजे नक्की कुठून मोजलेलं?

आर्किमिडीजच्या सर्पिलात केंद्रातून निघणाऱ्या रेषेवर मोजलं तर अंतर बरोबर ८ मिमी असतं. पण वेटोळ्याला काटकोनात मोजलं तर थोडं कमी भरतं, आणि केंद्राच्या जवळ हा फरक वाढत जातो. आपल्या उदाहरणात सुरुवात १० मिमीवर आहे, तिथे फरक एक टक्क्याच्या आत आहे. दिव्यासाठी, जाळीसाठी, नक्षीसाठी याचा विचारही करू नका.

दोन भिंती एकमेकींवर सरकणार असतील तर मात्र करावा लागतो. तिथे वर्तुळाचा इन्व्होल्यूट घ्यायचा. रिळावरचा दोरा ताणून धरून सोडवत गेलात की त्याचं टोक जो मार्ग काढतं तो हा वक्र. याची वेटोळी काटकोनात मोजली तरी तंतोतंत सारख्या अंतरावर असतात. वायू दाबणाऱ्या स्क्रोल कॉम्प्रेसरच्या आत बसवलेली दोन सर्पिलं याच घराण्यातली. लेऑन क्र्यू यांनी त्या यंत्राचं पेटंट १९०५ साली घेतलं होतं. साखळी तीच, फक्त शेवटची दोन एक्स्प्रेशन बदलतात:

क्ष = रीळ × (कोसाइन(कोन) + कोन × साइन(कोन))
य = रीळ × (साइन(कोन) − कोन × कोसाइन(कोन))

इथे ‘रीळ’ म्हणजे रिळाची त्रिज्या, आणि ती अंतर ÷ (२ × पाय) एवढी ठेवायची. आठ मिमीसाठी तीच आपली जुनी १.२७३. यावेळी तिला निदान चेहरा आहे.

## वाढत जाणारं सर्पिल

लॉगरिदमिक सर्पिलात दर फेऱ्याला त्रिज्येत ठरावीक मिलिमीटर मिळवले जात नाहीत, ती ठरावीक पटीने वाढते. फेऱ्यांच्या भाषेत सूत्र एका ओळीत बसतं:

त्रिज्या = बाहेरची त्रिज्या × पट ^ फेरा

पुस्तकांतलं ई आणि घातांक असलेलं रूप हेच सांगतं, फक्त तिथे ‘पट’ लपलेली असते. तिथला ‘ब’ हवाच असेल तर पटीचा नैसर्गिक लॉगरिदम भागिले २ पाय.

हे सर्पिल केंद्रापर्यंत कधीच पोचत नाही, आत आत वळतच राहतं. त्यामुळे आतून सुरुवात करणं गैरसोयीचं होतं: सुरुवातीची त्रिज्या किंचित हलवली की बाहेरचा आकार भलताच मोठा होतो. मी उलटं करतो. बाहेरची त्रिज्या पक्की धरतो आणि फेरे ऋण घेतो, म्हणजे रेंजचं डोमेन −४ ते ०. बाहेरची त्रिज्या ६० मिमी आणि पट ३ धरली तर शून्य फेऱ्याला त्रिज्या बरोबर ६० मिमी. मागे जावं तसं ती दर फेऱ्याला तीनने भागली जाते: २०, ६.७, २.२, ०.७४. वस्तू किती मोठी होणार हे आधीच ठरलेलं, फेरे वाढवले तरी भर फक्त आत पडते.

बिंदूंच्या बाबतीत हे सर्पिल गुणी आहे. इथे कोनाच्या समान पायऱ्याच योग्य. वक्राचा प्रत्येक तुकडा हा आधीच्या तुकड्याची मोठी प्रत असल्याने आत बारीक आणि बाहेर मोठे तुकडे आपोआप पडतात. डिव्हाइड कर्व्ह लावलंत तर उलट आतलं टोक तीन-चार बिंदूंत उरकलं जातं आणि मोडकं दिसतं. फक्त आधीचं गणित इथेही लागू: पॉलीलाइन करणार असाल तर बाहेरच्या त्रिज्येला पुरतील एवढ्या पायऱ्या घ्या.

पट किती घ्यायची? ‘सुवर्ण सर्पिल’ म्हणून जे मिरवतं त्यात पाव फेऱ्याला १.६१८ पट वाढ असते, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ६.८५४. नॉटिलस या समुद्री जीवाच्या शिंपल्यावर हे सर्पिल चिकटवलेली चित्रं सगळीकडे फिरतात. पण नॉटिलसची पट साधारण ३ च्या आसपास असते. पटीचा स्लायडर ६.८५ वरून ३ वर आणा आणि चित्र स्वतः बघा. पहिलं भरधाव उघडत जातं, दुसरं शिंपल्यासारखं दिसतं.

कुठलंही वेटोळं आर्किमिडीजचं की लॉगरिदमिक, हे ओळखायला एकच मोजमाप पुरतं: शेजारच्या वेटोळ्यांतली अंतरं. सारखी असली तर पहिलं, वाढत गेली तर दुसरं. याकोब बर्नुली या गणितज्ञाला लॉगरिदमिक सर्पिलाचं इतकं वेड होतं की ते आपल्या स्मृतिशिळेवर असावं अशी त्याची इच्छा होती. १७०५ मध्ये तो गेला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कॅथेड्रलमधल्या त्या शिळेवर पाथरवटाने कोरलं ते सारख्या अंतराचं, आर्किमिडीजचं. मॉडेल पुढे पाठवण्याआधी ही अंतरं मोजायची सवय मला त्या शिळेचा फोटो पाहून लागली.

## शंख

इथे जरा रेंगाळू, कारण या साखळीतून निघणाऱ्या गोष्टींत शंख मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

सहसा केलं जातं ते असं: सर्पिलावर पर्प फ्रेम्स, म्हणजे वक्राला काटकोनात असणाऱ्या चौकटी, घ्यायच्या, त्यांवर वर्तुळं काढायची आणि लॉफ्ट मारायचा, म्हणजे वर्तुळांवरून पृष्ठभाग ताणायचा. सपाट सर्पिलाला हे चालतं. उंची दिली की चौकटी वक्रासोबत तिरप्या होतात, वर्तुळांची सुरुवात फिरत जाते आणि लॉफ्टला पीळ पडतो, पिळलेल्या फडक्यासारखा. मग लोक सीम, म्हणजे वर्तुळांच्या सुरुवातींची शिवण, जुळवत बसतात.

चौकट स्वतःच बांधली की ही भानगड येतच नाही. प्रत्येक बिंदूवर एक उभं प्रतल हवं, ज्यात शंखाचा अक्ष येतो. कन्स्ट्रक्ट प्लेनमध्ये मूळबिंदू म्हणून सर्पिलाचा बिंदू द्या, पहिली दिशा म्हणून अक्षापासून बाहेर जाणारी दिशा (क्ष = कोसाइन(कोन), य = साइन(कोन), उंची शून्य), आणि दुसरी दिशा म्हणून सरळ वर. यावर सर्कल कंपोनंट. आता प्रत्येक वर्तुळाची सुरुवात नेमकी बाहेरच्या बाजूला पडते, त्यामुळे सीम एका रेषेत राहते. फेऱ्याला २४ वर्तुळं पुष्कळ झाली. जास्त घेतलीत तर लॉफ्ट जड होतो आणि गुळगुळीतपणात काही भर पडत नाही. टोकांची वर्तुळं सपाट असल्यामुळे कॅप होल्सने ती सहज बंदही होतात.

वर्तुळाची त्रिज्या सर्पिलाच्या त्रिज्येच्या ठरावीक भागाएवढी ठेवायची. या भागाला जाडी म्हणू. जाडी किती ठेवली की वेटोळी एकमेकांना टेकतील? आतल्या नळीची बाहेरची कड आहे त्रिज्या × (१ + जाडी). बाहेरच्या नळीची आतली कड आहे पट × त्रिज्या × (१ − जाडी). दोन्ही समान धरलं की:

टेकणारी जाडी = (पट − १) ÷ (पट + १)

पट ३ असेल तर बरोबर अर्धी. पडताळून बघा: एक नळी त्रिज्येच्या ०.५ ते १.५ पटीत, पुढची १.५ ते ४.५ पटीत. मधे फट नाही, घुसखोरी नाही.

थ्रीडी प्रिंट करायचं असेल तर नेमकी टेकणारी जाडी टाळा. दोन पृष्ठभाग एका रेषेवर नुसते टेकले की स्लायसरला, म्हणजे प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्रामला, ते जोडलेले की सुटे हे कळत नाही. ०.४६ घेऊन स्वच्छ फट ठेवा किंवा ०.५२ घेऊन थोडे एकमेकांत घुसवा. भरीव शंखाला दुसरं बरं, पोकळ हवा असेल तर पहिलं.

आणखी दोन गोष्टी प्रिंटआधी बघाव्यात. ६० मिमी ही नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या आहे. जाडी अर्धी असल्यावर बाहेरची कड ९० मिमीवर जाते, म्हणजे मशीनच्या पाटावर मावेल की नाही याचा हिशेब ९० वर करा. दुसरं म्हणजे आतलं टोक. चार फेऱ्यांनंतर तिथली नळी ०.७४ मिमी व्यासाची उरते. ०.४ मिमी नोझल त्यातून काही धड काढणार नाही. तीन फेऱ्यांवर थांबा.

### उंच शंख

मळसूत्रात, म्हणजे हेलिक्समध्ये, उंची कोनाच्या प्रमाणात वाढते. शंखाला तसं केलं की तो स्प्रिंगवर चढवलेल्या कर्ण्यासारखा दिसतो. शंखात सगळं एकाच पटीने वाढतं, म्हणून उंचीही त्रिज्येच्या प्रमाणात हवी:

उंची = −चढ × त्रिज्या

ऋण चिन्हामुळे टोक वर राहतं. चढ २, पट १.६ घेतली तर छान निमुळता शंख येतो. टेकणाऱ्या जाडीचं सूत्रही बदलतं, कारण वेटोळी आता तिरप्या रेषेत एकमेकांपासून दूर असतात. आधीचं उत्तर √(१ + चढ²) ने गुणा. आपल्या आकड्यांसाठी ०.५१६. जाडी एकच्या वर गेली तर नळी अक्ष ओलांडून पलीकडे जाते, तेव्हा चढ किंवा पट कमी करा.

पट, नळीचं अक्षापासून अंतर आणि चढ, एवढ्या मोजक्या आकड्यांत शंखांचं वर्णन बसवता येतं, हे जीवाश्म अभ्यासक डेव्हिड राउप यांनी १९६६ मध्ये मांडलं. आपले स्लायडर थोड्याफार फरकाने तेच आहेत.

## सूर्यफूल: जिथे फक्त बिंदूच असतात

इथे वक्र काढायचाच नाही. सूर्यफुलातल्या बियांसारखे बिंदू मांडायचे आणि तबकडीवर त्या जागी भोकं पाडायची. हेल्मुट व्होगेल यांनी १९७९ मध्ये दिलेलं सूत्र प्रत्येक बिंदूला एक क्रमांक देतं:

त्रिज्या = माप × √क्रमांक
कोन = क्रमांक × पाय × (३ − √५)

तो शेवटचा कोन अंशांत १३७.५०८. लोक सरळ १३७.५ टाइप करतात. तो आकडा म्हणजे बरोबर ३६० चे ५५/१४४, त्यामुळे दर १४४ बिंदूंनी कोन पुन्हा तोच येतो. दोनशे-तीनशे बिंदूंत डोळ्याला कळत नाही, हजारो बिंदू टाकलेत की कडेला आरे दिसायला लागतात. सूत्रच लिहा, टाइप करायला तेवढाच वेळ लागतो.

रेंजऐवजी सिरीज घ्या: सुरुवात ०, पायरी १, संख्या स्लायडरवर. आणि क्रमांकात अर्धा मिळवून वर्गमूळ घ्या, √(क्रमांक + ०.५). शून्यापासून साधं वर्गमूळ घेतलं तर पहिल्या दोन बिंदूंत अंतर फक्त एक माप राहतं, बाकी सगळीकडे १.४ मापाहून जास्त, त्यामुळे मध्यभागी एक भोक दुसऱ्याला खेटतं. अर्धा मिळवला की मध्यावरचं कमीत कमी अंतरही दीड मापाच्या वर जातं.

वर्गमूळामुळे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला सारखंच क्षेत्रफळ येतं, म्हणून भोकांची संख्या आधीच काढता येते: (तबकडीची त्रिज्या ÷ माप) चा वर्ग. ८० मिमी त्रिज्येची तबकडी, माप ४, तर ४०० भोकं. भोकाचा व्यास मी मापाच्या १.२ पट ठेवतो. इथे ४.८ मिमी, म्हणजे दोन भोकांत निदान १.४ मिमी पत्रा उरतो. सगळ्यात बाहेरची भोकं तबकडीची कड खातात, तेव्हा भोकांची तबकडी कापायच्या तबकडीपेक्षा थोडी लहान घ्या.

## क्लोथॉइड: सूत्र नाही, बेरीज आहे

रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून एकदम वर्तुळात शिरला तर डब्याला हिसका बसतो, कारण वक्रता शून्यावरून एका क्षणात उडी मारते. मधे जो वक्र घालतात त्याची वक्रता लांबीच्या प्रमाणात हळूहळू वाढते. तोच क्लोथॉइड, किंवा ऑयलरचं सर्पिल. याला त्रिज्या आणि कोनाचं सोपं सूत्र नाही, लागतं ते समाकलन, म्हणजे बारीक बारीक तुकड्यांची बेरीज. ग्रासहॉपरमध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा लावायची गरज नाही, मास अॅडिशन पुरतं.

लांबी ५०० मिमी, पायऱ्या १०००, म्हणजे पाऊल ०.५ मिमी. सिरीजची सुरुवात अर्ध्या पावलावर, ०.२५ वर ठेवा, पायरी ०.५, संख्या १०००. प्रत्येक पावलाच्या मध्यावर दिशा मोजली की बेरजेची चूक बरीच कमी होते. मग:

दिशा = लांबी² ÷ (२ × माप²)

माप १०० घ्या. दिशेचा कोसाइन गुणिले पाऊल ही एक यादी, साइन गुणिले पाऊल ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या मास अॅडिशनमध्ये घाला आणि एकूण बेरीज सोडून पार्शल रिझल्ट्स, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या बेरजा, बाहेर काढा. ते झाले क्ष आणि य. या यादीत पहिला आकडा पहिल्या पावलानंतरचा असतो, मूळबिंदू गळालेला असतो. दोन्ही याद्यांच्या डोक्यावर शून्य जोडायला विसरू नका, नाहीतर सरळ रेषेला जोडताना अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि ती जॉइनच्या वेळीच उघडी पडते.

पडताळणी: हे सर्पिल ज्या बिंदूभोवती गुंडाळत जातं तो मापाच्या ०.८८६ पटीवर असतो, दोन्ही बाजूंनी. म्हणजे (८८.६, ८८.६) वर एक बिंदू ठेवा. शेवटचं वेटोळं त्याच्याभोवती फिरताना दिसायला हवं. मग वक्र बेक करून, म्हणजे ग्रासहॉपरमधून राइनोत उतरवून, तिथे कर्व्हेचर ग्राफ लावा. तो वक्रावर केसांसारख्या रेषा काढून वक्रता दाखवतो. केसांची उंची सरळ रेषेत वाढत गेली पाहिजे. लाटा दिसल्या तर इंटरपोलेटला हजार बिंदू देण्याऐवजी दर दहावा बिंदू द्या. बेरीज बारीक पावलांनी करायची, वक्र मात्र विरळ बिंदूंतून न्यायचा.

## नळी फिरवण्याआधी

पाइप कंपोनंट जोडायच्या आधी दोन आकडे बघा. आर्किमिडीजच्या सर्पिलात नळीचा व्यास वेटोळ्यांतल्या अंतरापेक्षा कमी हवा. आठ अंतराला सात व्यास, मधे एक मिमी. क्लोथॉइडमध्ये आतल्या टोकाची वक्रतेची त्रिज्या बघायची, ती माप² ÷ लांबी. वरच्या उदाहरणात २० मिमी. नळीची त्रिज्या त्याच्या खाली राहिली नाही तर आतल्या बाजूला पृष्ठभाग दुमडतो, आणि शेजारच्या वेटोळ्याला खेटायची वेळ तर त्याच्याही आधी येते.

बेक करताना बिंदू, वक्र आणि पृष्ठभाग वेगवेगळ्या लेयरवर टाका. कापायला पाठवायच्या फाइलमध्ये ४०० भोकांसोबत ४०० बिंदूही गेले, तर काही मशीन प्रत्येक बिंदूवर थांबून एक ठिपका जाळतात. माझ्या एका तबकडीवर तसे चारशे ठिपके पडले होते, प्रत्येक भोकाच्या बरोबर मध्यावर, आता भोकासोबत कचऱ्यात गेलेले. वेळ मात्र दुप्पट लागला.